तुझा मजकूर वाचला, आता माझं ऐक

प्रिय सोन्या,

तू पाठवलेला मजकूर वाचला, दोनदा वाचला. निरोप समारंभात आईची ओळख मुलानेच करून द्यायची ही आयडिया डिपार्टमेंटची, आणि तू लगेच हो म्हणालास याचं बरं वाटलं, भाषाही झकास आहे तुझी, जाहिरातीच्या धंद्यात मुरलास ते दिसतंय. पण अरे, ज्या बाईबद्दल तू लिहिलंयस तिला मी ओळखत नाही. "शरीराच्या मास्टर ग्लँडचं रहस्य उलगडणारी", "हार्मोनच्या तालाचा शोध लावणारी", "अथक, अविश्रांत, त्यागमूर्ती"... काय हे! समोर बसणाऱ्यांतले निम्मे लोक याच विषयात केस पांढरे केलेले आहेत, ते गालातल्या गालात हसतील. हसले तर हसू देत, पण दुसऱ्यांचं श्रेय माझ्या पदरात टाकलेलं मला अजिबात चालणार नाही. म्हणून एवढं टाइप करत बसलेय, फोनवर सांगितलं असतं तर तू हो आई हो आई करून विषय संपवला असतास.

मास्टर ग्लँडपासून सुरू करते. पिट्युटरी म्हणजे साधारण अर्ध्या ग्रॅमची ग्रंथी, मेंदूच्या खाली हाडाच्या एका खळग्यात बसलेली. तिच्या पुढच्या भागात माझी सगळी नोकरी गेली. तिथे हार्मोन बनवणाऱ्या मुख्य पाच प्रकारच्या पेशी, एक वाढीचं हार्मोन बनवते, एक दूध तयार करवणारं प्रोलॅक्टिन, एक एसीटीएच जे ॲड्रिनलला कामाला लावतं, एक थायरॉइडसाठी टीएसएच, आणि पाचवी गोनॅडोट्रोप, माझी लाडकी, ती एकटीच दोन हार्मोन बनवते, एलएच आणि एफएसएच, ज्यांच्यावर बीजांडकोश आणि वृषण चालतात. आता एवढ्या ग्रंथींना हुकूम सोडते म्हणून लोकांनी मास्टर म्हटलं तिला, पण ती स्वतःच दोन्ही बाजूंनी बांधलेली आहे रे. वरून हायपोथॅलॅमस, म्हणजे मेंदूचा तिच्या लगेच वरचा भाग, सांगतो कधी सोडायचं, आणि खालून, ज्यांना ती हुकूम देते त्याच ग्रंथींची हार्मोन्स रक्तातून परत येऊन तिला सांगतात की बास आता. हे खालून येणारं फीडबॅकचं गणित कार्ल मूर आणि डोरोथी प्राइस यांनी १९३२ मध्येच मांडलं होतं. म्हणजे ती मालकीण वगैरे कधीच नव्हती, आणि हे कळून नव्वद वर्षं झाली तरी टीव्हीवर अजून मास्टर ग्लँडच चालू आहे.

वरच्या बाजूचं कळायला जास्त वेळ लागला, आणि ती गोष्ट मला इतकी आवडते की नव्या मुलांना पहिल्याच लेक्चरला सांगायचे. हायपोथॅलॅमस आणि पुढची पिट्युटरी यांना जोडणारे मज्जातंतू जवळजवळ नाहीतच, आहे ते बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं. पोपा आणि फील्डिंग यांनी १९३० मध्ये ते दाखवलं, पण त्यांना वाटलं रक्त खालून वर मेंदूकडे जातं, मग १९३६ मध्ये विस्लॉकी आणि किंग म्हणाले नाही, वरून खाली. यावर बरीच वर्षं वाद चालला. मग जेफ्री हॅरिसने उंदरांमध्ये मधला देठ कापून बघितला. काही प्राण्यांत पिट्युटरी बंद पडायची, काहींत थोड्या दिवसांनी परत चालू, कोणाला काही कळेना, आणि हॅरिसच्या लक्षात आलं की जिथे कापलेल्या रक्तवाहिन्या परत वाढून जुळतात तिथेच काम परत सुरू होतंय. मग त्याने मध्ये कागदाचा बारीक तुकडा सरकवला, वाहिन्या जुळूच नयेत म्हणून, आणि पिट्युटरी बंद ती बंदच. १९५२ मध्ये त्याने डोरा याकोबसनबरोबर पुढचा प्रयोग केला (ही बाई नाझी काळात जर्मनी सोडून स्वीडनला गेलेली, हिचं नाव लोक नेहमी विसरतात, तू विसरू नकोस). पिट्युटरी तिच्या जागेवरून काढली आणि दुसरी आणून मेंदूच्या बाजूच्या भागाखाली लावली तर ती गप्प, तीच हायपोथॅलॅमसखाली त्या रक्तवाहिन्यांपाशी लावली तर माद्यांचं चक्र सुरू, काहींना पिल्लंसुद्धा झाली. म्हणजे वरून जे येतंय ते रक्तातून येतंय. आजच्यासारखी महागडी मशिनं नाहीत काही नाहीत, सर्जरीचा हात आणि स्वच्छ डोकं. मला विचारशील तर आमच्या विषयातला याहून सुंदर प्रयोग नाही.

मग रक्तातून नेमकं येतं काय, हे शोधायला रॉजर गिलमिन आणि अँड्र्यू शॅली हे दोघं, आधी एकत्र आणि मग १९६२ पासून एकमेकांचे कट्टर स्पर्धक, एकाने मेंढ्यांचे आणि दुसऱ्याने डुकरांचे मेंदू लाखांनी गोळा केले. गिलमिनच्या टीमला तीन लाख मेंढ्यांच्या हायपोथॅलॅमसमधून टीआरएच, म्हणजे टीएसएच सोडायचा हुकूम देणारं हार्मोन, मिळालं किती, तर एक मिलिग्रॅम! आणि १९६९ मध्ये रचना कळली तेव्हा ते निघालं फक्त तीन अमिनो ॲसिडचं. दोन वर्षांनी शॅलीच्या लॅबमधून जीएनआरएच आलं, दहा अमिनो ॲसिडचं, हेच माझ्या गोनॅडोट्रोपला हुकूम देणारं. १९७७ च्या नोबेलचं अर्धं या दोघांना विभागून, आणि उरलेलं अर्धं रोझलिन यालोला, तिच्याकडे मी येतेच.

या सगळ्यात मी कुठे? कुठेच नाही, अर्ध्या गोष्टी घडल्या तेव्हा मी जन्मलेही नव्हते. आणि "तालाचा शोध" तू जो माझ्या नावावर टाकलायस तो अर्न्स्ट क्नोबिलचा आहे. त्याने माकडांमध्ये दाखवलं होतं की एलएच रक्तात एकसारखं नसतं, साधारण तासाला एक असे झटके येतात, आम्ही त्याला पल्स म्हणतो. मग १९७८ च्या पेपरमध्ये त्याच्या टीमने ज्या माकडांचा हायपोथॅलॅमसचा तो भाग निकामी केला होता त्यांना बाहेरून जीएनआरएच दिलं. सलग दिलं तर एलएच, एफएसएच वर येऊन परत खाली, आणि दर तासाला फक्त सहा मिनिटं दिलं तर दोन्ही अगदी व्यवस्थित. तेच औषध, तीच पेशी. दाराची बेल कोणी तासाला एकदा वाजवली तर आपण उठून दार उघडतो, आणि कोणी बटणावर बोट दाबूनच ठेवलं तर शेवटी बेलची वायर काढून ठेवतो, तसं. पेशी किती मिळालं यापेक्षा केव्हा आणि किती अंतराने मिळालं हे बघते. समारंभात हे एवढं एक वाक्य लोकांना कळलं तरी खूप झालं, पण नाव क्नोबिलचं घे.

आता माझं. पीएचडीला मी गोनॅडोट्रोपवर नव्हतेच, प्रोलॅक्टिनवर होते. जीएच-३ नावाच्या पेशी, १९६० च्या दशकात उंदराच्या पिट्युटरीच्या ट्यूमरपासून केलेली सेल लाइन, म्हणजे बाटलीत पिढ्यान्पिढ्या वाढत राहणाऱ्या पेशी, प्रोलॅक्टिन आणि वाढीचं हार्मोन दोन्ही बनवतात, नव्या विद्यार्थ्याला द्यायला सोयीच्या. प्रोलॅक्टिन हे घरातलं उलट्या डोक्याचं पोर, बाकी हार्मोन्सना वरून "सोड" असा हुकूम लागतो, याला मात्र वरून सतत डोपामिनचा ब्रेक लागतो, म्हणून पिट्युटरीचा देठ कापला तर बाकी सगळी हार्मोन्स खाली येतात आणि प्रोलॅक्टिन वर जातं. मी उत्साहाने म्हटलं मग आपण हा ब्रेकच बघू, आणि गाइड शांतपणे म्हणाले की या पेशींवर डोपामिनचा कामाचा रिसेप्टरच (त्याचा हुकूम ऐकणारा पेशीवरचा कान म्हण) नाही, ट्यूमर होताना तो गेला. म्हणजे ज्या गोष्टीसाठी प्रोलॅक्टिनची पेशी ओळखली जाते तीच गोष्ट आमच्या बाटलीतल्या पेशीत नाही! सेल लाइनवर काम करणाऱ्याने ही भीती जन्मभर मनात ठेवायची असते, की समोरची पेशी जिची जागा घेतेय तिच्यासारखी ती कितपत आहे. आजकालच्या मुलांना मी हे सांगते तेव्हा ती मान डोलावतात आणि दुसऱ्या दिवशी परत तीच बाटली उघडतात, चालायचंच.

त्याच काळातली अजून एक गंमत, ही तुझ्या भाषणात बसणार नाही पण तुला सांगते. कल्चर मीडियम गुलाबी लाल दिसतो ना, तू लहानपणी त्याला सरबत म्हणायचास, तो रंग फिनॉल रेडचा, पेशी आम्ल सोडायला लागल्या की मीडियम पिवळा पडतो आणि बदलायची वेळ झाली हे कळतं, एवढंच त्याचं काम. जगभर सगळे वापरायचे. १९८६ मध्ये कॅट्झनेलेनबोगन पतिपत्नींच्या ग्रुपचा पेपर आला, ब्रेस्ट कॅन्सरच्या पेशींवरचा, की हा निरुपद्रवी रंग इस्ट्रोजेनसारखा वागतो, क्षीण, पण वागतो. आणि आमचं प्रोलॅक्टिन तर इस्ट्रोजेनवर उड्या मारणारं! तू विचार कर, इस्ट्रोजेन न दिलेल्या कंट्रोलच्या बाटलीतसुद्धा इस्ट्रोजेनसारखं काहीतरी होतंच की. त्या आठवड्यात आमच्या मजल्यावर सगळे लाल बाटल्यांकडे संशयाने बघत होते. मग बिनरंगाचा मीडियम, मग सिरममधली स्टेरॉइड्स काढायला त्यात कोळशाची पूड ढवळून गाळायची, मग सिरमची बॅच बदलली की सगळं परत तपासायचं. संशोधन म्हणजे काय असं मला कोणी विचारलं तर मी हे सांगेन, रहस्य उलगडणं वगैरे नंतरचं, आधी बाटलीत तुम्ही न घातलेलं काय काय आहे ते शोधणं.

पोस्टडॉकला मी गोनॅडोट्रोपकडे वळले, आणि खरं सांगायचं तर प्रश्नाच्या प्रेमात पडून. प्रश्न असा. एलएच आणि एफएसएच, दोन्हींचा एक अर्धा भाग, अल्फा, अगदी सारखा, बीटा वेगळा. पेशी एक. वरून येणारा हुकूम एकच, जीएनआरएच. आणि तरी पल्स भरभर आल्या तर पेशी एलएचकडे झुकते, सावकाश आल्या तर एफएसएचकडे. मासिक चक्रात हेच चालतं, कधी पल्स तासा-दीड तासाला, कधी तीन-चार तासांनी, आणि त्यावर कुठलं हार्मोन वरचढ ते ठरतं. मग पेशीला वेळ कळते कशी? तिच्याकडे घड्याळ नाही. दोन पल्सच्या मधल्या रिकाम्या वेळात तिच्या आत काय विझतं आणि काय मागे उरतं, यावरच सगळं आहे. बस, हाच माझा प्रश्न, तेव्हापासून आजपर्यंत. तुझ्या मजकुरात हा प्रश्न कुठेच नाही आणि माझं सगळं आयुष्य त्यात आहे, म्हणून जरा राग आला मला.

हे बघायला पेरिफ्यूजन लागायचं. उंदराची पिट्युटरी दहाएक मिलिग्रॅमची, ती एन्झाइमने सोडवून पेशी सुट्या करायच्या, त्यातल्या दहातली एखादीच गोनॅडोट्रोप, त्या बारीक मण्यांवर बसवून एका छोट्या कॉलममध्ये भरायच्या, आणि सदतीस डिग्रीला ठेवून त्यातून सतत मीडियम वाहता ठेवायचा. ठरलेल्या वेळी त्यात काही मिनिटं जीएनआरएच सोडायचं, परत बंद. खाली फ्रॅक्शन कलेक्टर दर काही मिनिटांनी नळी बदलत राहतो, टक, टक, टक. रात्रभर. कॉलममध्ये हवेचा एक बुडबुडा शिरला की रात्र वाया, पंपाची ट्यूब सैल झाली की रात्र वाया, लाइट गेले तर बोलायलाच नको. आणि सकाळी हातात काय, तर शेकडो नळ्यांचे ट्रे, त्यात दिसायला फक्त पाणी. त्या प्रत्येक नळीत किती एलएच आहे हे मोजायला रेडिओइम्युनोअसे, म्हणजे यालो आणि बर्सन यांची पद्धत. अँटिबॉडीवरच्या जागेसाठी रेडिओॲक्टिव्ह हार्मोन आणि तुमच्या नळीतलं हार्मोन यांची चढाओढ लावायची, आणि कोणाला किती जागा मिळाली ते गॅमा काउंटरवर मोजायचं. याआधी रक्तातली इतकी सूक्ष्म हार्मोन्स मोजताच येत नव्हती, आमचा सगळा विषय या एका पद्धतीवर उभा आहे. बर्सन १९७२ मध्येच गेला म्हणून नोबेल एकट्या यालोला. आणि या शोधाचं मूळ ज्या पेपरमध्ये होतं तो आधी नाकारला गेला होता, यालोने ते नकाराचं पत्र जपून ठेवलं आणि नोबेल लेक्चरमध्ये चक्क छापलं! मला ही बाई फार आवडते.

माझ्या नकारपत्रांचा मात्र तू उल्लेखच केलेला नाहीस, सरळ पीएचडीवरून प्रोफेसरवर उडी मारलीस. मध्ये काय झालं ते थोडक्यात सांगते. नव्वदच्या दशकात अल्फा-टी-३ आणि मग एल-बीटा-टी-२ अशा गोनॅडोट्रोपच्या सेल लाइन पामेला मेलनच्या लॅबमधून आल्या, उंदरांत मुद्दाम ट्यूमर तयार करून. पहिली अर्धवट वयाची, तिच्यात रिसेप्टर आहे, अल्फा आहे, पण एलएचचा बीटा नाही, दुसरी जास्त पक्व. १९९२ मध्ये त्या पहिलीतूनच जीएनआरएचच्या रिसेप्टरचा जीन हाती लागला आणि बघतो तर त्याला शेपूटच नाही. अशा बाकीच्या रिसेप्टरना पेशीच्या आत एक लांब शेपूट असतं, सिग्नल आला की त्यावर खुणा होतात आणि रिसेप्टर काही मिनिटांत गप्प होतो. याला ते नाही. मला आधी वाटलं छापताना शेवटची ओळ गळली की काय. पण यामुळेच हा रिसेप्टर पटकन थकत नाही, म्हणजे पेशीला जो वेळ कळतो तो रिसेप्टरच्या पुढच्या साखळीत कुठेतरी, आणि त्या साखळीत शोधायला मला माझी स्वतःची लॅब मिळाली.

लॅब मिळाली, ग्रँट मिळेना. रिव्ह्यूअरचं आवडतं वाक्य, काम चांगलं आहे पण पुढचं पाऊल छोटं आहे. मग एकदा आमचा दोन वर्षांचा डेटा जवळजवळ तसाच दुसऱ्या एका लॅबने आमच्या आधी छापला, चोरी वगैरे नाही हं, प्रश्न सगळ्यांसमोर पडलेला असतो, ज्याचे हात भरभर चालतात तो आधी पोचतो. माझी पोस्टडॉक मुलगी दोन दिवस लॅबला आली नाही. मग आम्ही तोच डेटा वेगळ्या अंगाने बघितला, दुसऱ्यांनी सिग्नल किती वाढतो ते दाखवलं होतं, आम्ही तो विझायला किती वेळ घेतो यावर लिहिलं, आणि माझ्या मते तो आमचा सगळ्यात चांगला पेपर. फारसा कोणी उद्धृत करत नाही, तरीही.

आणि मग २००३ आलं. काही कुटुंबांत मुलं वयातच येत नव्हती, त्यांच्या जीन्समध्ये जीपीआर-५४ नावाच्या रिसेप्टरचा बिघाड सापडला, आणि त्याला चालवणारं किसपेप्टिन हे जीएनआरएचच्याही वर बसलेलं निघालं. अफाट शोध, यात वादच नाही. पण सगळी गर्दी वर मेंदूकडे गेली, पल्स तयार कोण करतं या प्रश्नाकडे, आणि पल्स ऐकणारी आमची पेशी एकदम जुन्या फॅशनची झाली. चांगले विद्यार्थी तिकडे जायला लागले, मीच शिफारसपत्रं लिहिली त्यांना, काय करणार. तरी काम थांबलं नाही. आज ढोबळपणे असं दिसतं की भरभर पल्सना ईजीआर-१ सारखे झटपट वर येणारे प्रोटीन एलएचच्या बीटा जीनला हलवतात, आणि त्याच भरभर पल्समुळे एफएसएचला अडवणाऱ्या गोष्टीही साचत जातात, उदाहरणार्थ फॉलिस्टॅटिन, जे ॲक्टिव्हिनला पकडून ठेवतं, आणि ॲक्टिव्हिनशिवाय एफएसएच नीट बनत नाही. पल्स सावकाश झाल्या की अडवणारं ओसरतं आणि एफएसएचला वाट मिळते. हे कोणा एकाने शोधलेलं नाही, जगभरच्या बऱ्याच लॅबनी तुकड्या तुकड्याने, एकमेकांशी भांडत भांडत जमवलंय, त्यात काही पेपर आमचे. काही भाग अजून जुळत नाहीत, बाटलीतल्या पेशीत दिसतं ते जिवंत उंदरात दिसत नाही असंही होतं. तुला लिहायचंच असेल तर असं लिही, की या प्रश्नावर काम करणाऱ्यांपैकी ती एक होती आणि चिवट होती. चिवट चालेल.

"तिच्या संशोधनाने असंख्य रुग्णांना जीवदान" हे वाक्य तर आधी खोड. क्नोबिलच्या प्रयोगाचा अर्थ डॉक्टरांनी फार लवकर ओळखला होता. ज्यांच्या मेंदूत जीएनआरएच बनत नाही त्यांना छोट्या पंपाने साधारण दीड-दोन तासांनी पल्स दिली तर वयात येणं, मूल होणं शक्य होतं, आणि उलट टोकाला, जीएनआरएचसारखंच पण जास्त काळ टिकणारं औषध सलग दिलं तर पिट्युटरी गप्प होते, म्हणून ते प्रोस्टेट कॅन्सरमध्ये वापरतात, फार लहान वयात वयात येणाऱ्या मुलांमध्ये वापरतात, आयव्हीएफमध्येही. सुरुवातीचे काही दिवस हार्मोन उलट वाढतं, मग खाली येतं, म्हणून कॅन्सरच्या पेशंटला त्या दिवसांत जपावं लागतं. हे सगळं दवाखान्यांत सुरू झालं तेव्हा मी जीएच-३ च्या बाटल्या धूत होते. आम्ही नंतर जे केलं ते "असं का होतं" याचं उत्तर. औषध आधी आणि का नंतर, हा उलटा क्रम विज्ञानात पुष्कळदा असतो, पण तो भाषणांत शोभत नाही म्हणून लोक सरळ करून सांगतात, तूही तेच केलंस.

त्यागमूर्ती पण काढ. पेरिफ्यूजनच्या रात्री तुझे बाबा घरी होते, तुझा अभ्यास त्यांनी घेतला आणि तो माझ्यापेक्षा चांगला घेतला, आणि मला त्या रात्री आवडायच्या रे. कोणी फोन करत नाही, मीटिंग नाही, पंप चालू आहे आणि उद्या सकाळपर्यंत जगात फक्त तुम्हालाच माहीत असणारी एक छोटीशी गोष्ट तयार होतेय. याला त्याग म्हटलं तर मला तोंड लपवावं लागेल. अथक पण नव्हते, किसपेप्टिननंतरची काही वर्षं मी चक्क कंटाळले होते, डिपार्टमेंटच्या कमिट्यांवर बसून वेळ काढला, टाइमटेबल लावली. मग एका नव्या मुलीने येऊन विचारलं की मॅडम, या पेशी एकट्या एकट्या बघितल्या तर सगळ्या प्रत्येक पल्सला उत्तर देतात का? आपण तर कॉलममधल्या लाखो पेशींची सरासरी मोजतोय. प्रश्न नवा नव्हता, एकेका पेशीत कॅल्शियम कसं लाटांनी वरखाली होतं हे लोकांनी आधीच बघितलं होतं, पण आमच्या लॅबमध्ये तो कोणी विचारला नव्हता. तिने मायक्रोस्कोप लावला, आणि शेजारशेजारच्या दोन पेशी, एक दर वेळी उठते, दुसरी तीन हुकूम ऐकून न ऐकल्यासारखं करते आणि चौथ्याला उठते. मी परत रात्री थांबायला लागले.

तो फोटोही बदल, प्रसिद्धीसाठी काढलेला, ज्यात मी निळं पाणी भरलेलं पिपेट आडवं धरून खिडकीतून बघतेय. पिपेट आडवं धरलं की द्रव आत शिरून ते बिघडतं, हे मी वर्षानुवर्षं मुलांना ओरडून सांगितलंय, समारंभात तीच मुलं बसणार आहेत. बाबांकडे एक आहे, टेबलावर डोकं टेकून झोपलेला, तो नको म्हणणार होते पण तोच घे.

आणि एक नाव मजकुरात नाहीच. आमच्या टेक्निशियन, ज्यांनी मी लॅब उघडली तेव्हापासून पेशी सुट्या करायचं काम केलं. एन्झाइम दोन मिनिटं जास्त राहिलं तर रिसेप्टर खरवडले जातात आणि पेशी जिवंत दिसूनही काही ऐकत नाहीत, कमी राहिलं तर गुठळ्या. त्यांना बाटली हलवताना नुसतं बघून कळायचं आता थांबवायचं ते. त्या सुटीवर असल्या की आम्ही प्रयोगच लावायचो नाही. पेपरवर त्यांचं नाव मी लावलं पण भाषणांमध्ये कोणी घेत नाही. त्या पहिल्या रांगेत बसणार आहेत, त्यांचं नाव माझ्या आधी घे, आणि घेण्यापूर्वी त्यांना फोन करून विचार, सगळ्यांसमोर नाव घेतलेलं त्यांना आवडत नाही, नाही म्हणाल्या तर थोडा आग्रह कर, खूप नको.

तीन मिनिटांच्या वर जाऊ नकोस. गोनॅडोट्रोपचा उच्चार मला एकदा फोनवर म्हणून दाखव. सुधारलेला मजकूर गुरुवारपर्यंत पाठव, शुक्रवारी माझ्या शेवटच्या विद्यार्थ्याचा थिसिस वाचायला घ्यायचाय.

आई